कड

नाताळाआधीच्या रविवारी आम्ही चादरी वाटायचो.
एकशे वीस. बऱ्या वर्षी एकशे चाळीस.
पाचपावलीच्या पुलाखाली टेम्पो लावायचा,
नाव, सही, नाहीतर अंगठा,
आणि बॅनर ताणून धरून एक फोटो.
हिशोब माझ्याकडे. मोतीबागेच्या वर्कशॉपात
एकतीस वर्षं नटबोल्ट मोजलेला माणूस मी,
चादरी काय चुकणार?

एक चुकली.
पारबता पौनीकर म्हणाली, "नोको जी."
घ्या बाई, मोफत आहे.
"मोफत हाय म्हणूनच तं.
मागच्या सालची हाय घरी, त्याच्या मागचीबी हाय.
थंडी दोन महिन्याची, साहेब,
बाकीचे दहा महिने काय पांघरू?"

रजिस्टरात अशा उत्तराला रकाना नव्हता.

मग तिनंच विचारलं,
"तुमच्या हॉलले सोमवार ते शनिवार कुलूप असते.
आत कोण राह्यते?"
कोणी नाही, म्हटलं.
खरं तर राहत होत्या साठ खुर्च्या,
थर्माकोलचा एक गोठा, बाळाशिवायचा,
आणि एक पेटी, जिच्या पाच पट्ट्या मुक्या.
सांगायची लाज वाटली.

तिला जागा हवी होती फेब्रुवारी ते मे,
कुलरच्या गवताचे गठ्ठे ठेवायला.
ठोकात निम्म्या भावात मिळतं.
पण घर बारा बाय आठ, माणसं पाच,
आणि गवत कोरडं हवं, चुलीपासून लांब.
अशा सहा बायका. सहाही जणी
ठेकेदाराचं गवत उधार उचलायच्या,
उन्हाळाभर फ्रेमा भरायच्या,
जूनमध्ये बोटं सोललेली आणि हिशोब शून्य.

कमिटी बसली. चहा झाला.
हिवाळे मॅडम म्हणाल्या, आग लागली तर?
सोज्वळ म्हणाले, आपल्या मंडळीतली आहे का ती?
नव्हती.
मग निदान रविवारी प्रार्थनेला बसवा, कुणीतरी म्हणालं.
पाळकसाहेब कपाच्या कडेवरून बोट फिरवत होते.
म्हणाले, मोशेला सांगितलं होतं ना,
कापणी कडेपर्यंत नेऊ नका,
कड गरिबाची, परक्याची.
त्या परक्यानं आधी स्तोत्र पाठ करावं
असं कुठं वाचलंत तुम्ही?
आपल्याकडे शेत नाही. हॉल आहे.
त्याची कड कोणती, तेवढं बोला.

ठरलं. लगेच नाही, तीन बैठका लागल्या.
वाळूच्या चार बादल्या. भाडं महिना दोनशे,
तेही तिनंच लावून घेतलं.
"फुकटची जागा कोणीबी कधीबी काढून घेते, जी."

मे. पारा शेहेचाळीसवर,
कावळे चोच उघडी ठेवून बसलेले.
व्हरांड्यात सहा जणी फ्रेमा भरतात,
केसांत काड्या, पदरावर काड्या,
ओल्या लाकडासारखा वास थेट वेदीपर्यंत.
मी पावत्या न्यायला आत गेलो
तर थर्माकोलच्या गोठ्यात कुणाचं तरी लेकरू
निजवलेलं, नाक वाहणारं, मुठी आवळून.
पावत्या तशाच ठेवून मी बाहेर आलो.

सगळं नीट झालं असं नाही.
ठेकेदार दोनदा दारात येऊन ओरडला.
एक जण दोन हजार घेऊन बालाघाटला गेली,
वसुली झाली नाही. रजिस्टरात आहे.
सोज्वळ अजून येता-जाता बादल्या मोजतात.

पण डिसेंबरात चादरींचं कोटेशन मागवलं,
तेव्हा पारबता माझ्या टेबलाशी उभी राहिली.
"एकशे वीस कायले? मी सांगतो कोणाले पायजे."
मी पेन दिलं. तिनं सावकाश लिहिली
अकरा नावं. त्यातली चार
एकतीस वर्षं मोजणाऱ्या माझ्या डोळ्यांना
कधी दिसलीच नव्हती.

फोटो काढायचा राहिला.
बॅनर हॉलमध्येच आहे, जमिनीवर अंथरलेलं,
अक्षरं खाली करून.
वर गवताचे गठ्ठे.
फरशीची ओल लागू नये म्हणून.